वेस्नाने मांडलेलं ताट

मंडळी, कामं टाकून वेस्नाच्या शोकसभेला आलात, फार बरं वाटलं. मी अनंताची ताई. एरवी तोंडाचा पट्टा चालूच असतो माझा, पण आज एकेक शब्द ओढून काढतेय. शिवाय रागही आलाय. कोणाचा ते विचारू नका.

वेस्ना माझी भावजय. क्रोएशियाची. परफॉर्मन्स आर्टिस्ट. म्हणजे काय, हे मी आईला कधीच नीट सांगू शकले नाही. एकदा आपल्या सिंगापुरात, चोआ चू कांगच्या बसस्टॉपवर ती सुटकेस घेऊन दिवसभर उभी राहिली आणि आलेली प्रत्येक बस सोडून दिली. शाळेतली पोरं ओरडत होती, "आंटी, बस गेली लाह!" आई फोनवर म्हणाली, "अगं, पण तिला जायचं कुठं होतं?" कुठेच नाही, आई. तिला वाट बघून दाखवायची होती.

कारण तिचे वडील तिकडच्या युद्धात बेपत्ता झाले. ना प्रेत, ना निरोप. तिची आई रोज त्यांचं ताट मांडायची. तेच वेस्नाने क्वीन्सटाउनला, तिच्या नि अनंताच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर केलं. आठवतंय ना? टेबल, दोन ताटं, एकासमोर ती. दुसऱ्यावर कोणीही यावं, बसावं, जेवावं. जो बसेल तो घरी परतला असं मानायचं, एवढंच.

आपण सगळे गेलो होतो. मी वाढायला होते. कोणी बसलं? "नको नको, आत्ताच जेवून आलोय!" सगळ्यांची पोटं भरलेली! आणि मागे कुजबुज, मेलेल्या माणसाचं पान ते, त्यावर कोण बसणार? तिने मला विचारलं, काय म्हणतायत? मी सांगितलं. ती म्हणाली, "ते मेलेले नाहीत, ताई. यायचे आहेत." मग ते गार झालेलं जेवण तिने एकटीनेच आवरलं.

आता ती गेली. आजारी पडली, हॉस्पिटलमध्ये गेली, अनंता शेवटपर्यंत तिचा हात धरून होता. ती बेपत्ता नाही, मंडळी. तरी अनंता रोज तिचं ताट वाढतो, समोर बसून राहतो. स्वतः घास घेत नाही. काल मी हट्टाने तिच्या खुर्चीवर बसले. माझा भाऊ, बँकेतला एवढा शहाणा माणूस, मला म्हणाला, "ताई, ऊठ. ती येईल."

मी काय करू, सांगा? पोरगा डोळ्यांसमोर वाळत चाललाय. आज तो इथेही आला नाही.

म्हणून दोन मिनिटं उभं राहून शांतता नको. त्याच्या घरात ती पुष्कळ झाली. इथून सरळ माझ्याबरोबर चला. जेवा, वाद घाला, आमटीत मीठ कमी आहे म्हणा. कोणीतरी त्या खुर्चीवर बसा, आणि त्याने उठवलं तरी उठू नका.

निरोप देताना आपण कोणाला 'जा' म्हणत नाही, 'ये' म्हणतो. आज भावासाठी मला 'जा' म्हणायलाच हवं.

वेस्ना, नमस्कार गं. जा तू.