आंबिवलीचा जावई

सन १८८४. शिमग्याला आठ दिवस होते. कल्याणच्या बंदरात होडीत बसून आम्ही भरतीची वाट पाहत होतो. समोर दगडू आणि धाकू, एकाच गावचे, गावच्या हुतूतूबद्दल बोलत होते.

"यंदा आपण हरणार, धाकू."

"का रे? गोविंदा हाय ना?"

"गोविंदाचा दम म्हंजे चुलीवरचं दूध. भसकन वर येतं नि खाली बसतं."

"मंग राघो?"

"राघो झकास खेळतो. पण बायका बघायला आल्या, की दम सोडून हसत बसतो."

"मंग करायचं काय?"

"आंबिवलीच्या जोमाला घरजावई करून आणायचं ठरवलेलं. जावई आपल्या गावात राहिला, की आपल्याच गावाकडून खेळणार."

"तुझ्या पोरीला, तुळसाला, विचारलंस?"

"विचारलं. नको बोलली."

"का? रूपाला काय झालं त्याच्या?"

"रूपाचं नावच नाय काढलं तिनं. बोलली, बा, मारायला जाणारे आपल्याकडं दोघं हायेत, पाय धरणारा एक नाय. जोमा कशाला? त्याचा धाकटा भाऊ आण."

"म्हंजे आता धाकट्याला मागणी घालायला निघालास?"

"तर काय!"

"नि तो नाय बोलला तर?"

"म्हणून तर पोरीला संगं आणलीय. ती बघ, पुढं कासोटा घालून बसलीय. बोलली, पळाला तर मीच धरते."