बारा एकटी उंदरं

न्हाय सर, पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या मी बदलल्या न्हाईत — तिसऱ्यांदा सांगतोय. बसा की त्या स्टुलावर, पण हळू, स्टूल सरकलं की उंदरं दचकत्यात. पुण्यास्नं कशाला आलासा, ठाऊक हाय मला. आठवीत शाळा सोडलेला प्रसेनजीत, पिंजरे धुणारा — घोळ झाला तर त्यानंच घातला असणार, व्हय का न्हाय? पण वाचता येतंय मला. एकूणएक चिठ्ठी माझ्या अक्षरातली हाय, बगा.

प्रयोग काय होता तेबी कळतंय — हसू नगासा. त्रिशला मॅडमनी चहा पीत पीत दोनदा सांगितलंय. उंदराच्या मेंदूत आठवणींची एक जागा असती, तिथं काही पेशी ब्रेकसारख्या — बाकीच्या उधळल्या की आवरणाऱ्या. त्या ब्रेकवाल्या पेशींत कुठली जनुकं चालू, कुठली बंद, ते मॅडम एकेका पेशीतनं बगत्यात. बारा उंदरं चौघाचौघांत ठेवलेली, बारा एकेकटी, दोन म्हैने. एकट्यांचे ब्रेक बिघडणार, असं मॅडमचं म्हणणं. आणि निघालं काय? दोन्हीकडं सारखंच! मग तुमचं म्हणणं — चिठ्ठ्यांची सरमिसळ झाली, न्हायतर मॅडमचा विचारच खोटा, काम बंद करा. मला काढा की, पण मॅडमचं काम बंद करू नगा — मेंदू काढायच्या दिवशी ती बाई पाण्याचा घोटबी घेत न्हाय, तीन वर्सं बगतोय मी.

आणि एकटं, एकटं काय लावलंय सर? सात नंबरचं कोपऱ्यात अंग चोरून बसायचं, दाण्याला तोंड लावायचं न्हाय. मी दुपारचा डबा एकटाच खातो — भाईर पोरं परीक्षांचं, परदेशाचं बोलत्यात, त्यात मी काय बोलू? तर डबा झाला की हातमोजे घालून, पिंजऱ्यात हात ठिवायचा नुसता. चौथ्या दिवशी आपणहून ओंजळीत आलं की! मग एकाला घेतलं, तर बाकीच्या अकरांनी काय घोडं मारलंय? पाच-पाच मिनिटं सगळ्यांना — रोज, न चुकता. बोलायचोबी. काय बोलणार — आईचं गुडघं, बावड्याच्या साखर कारखान्याचा वास — असलंच...

का थांबलासा लिवायचं?

थांबा — म्हंजे — एकटी न्हवतीच व्हय ती?

लिवा. माझ्या नावानंच लिवा. चिठ्ठ्या बरोबर होत्या, मॅडमबी बरोबर होत्या, उंदरं एकटी न्हवती. तयारीपास्नं धरली तर मॅडमची दोन वर्सं माझ्या हातानं गेली, त्याचं वाईट वाटतंय — त्यांच्यापुढं उभं कसं ऱ्हायचं कळंना. पण त्या बारांचं न्हाय वाटत. तुमी कितीबी डोळं वटारा, न्हाय वाटत!

नव्या खोलीत परत बारा आल्यात, एकेकटी. ही घ्या तिची किल्ली, मॅडमना द्या. माझ्याजवळ ठिवलीसा तर हात परत आत जाणार — आत्ताच सांगून ठिवतो.

उठा आता, सर. माझी जेवायची येळ झाली. दार हळू लावा.