राक्षसाईचा पत्ता

जानेफळच्या गाडीसाठी पुष्पाबाई खामगाव स्टँडवर बसल्या होत्या. तोंड फलाटाकडे, पण कान मागच्या बाकावरच्या बहीणभावाकडे.

“संघपाल, लहानपणचं पुस्तक आता काऊन वाचून राह्यला रे?”

“अवं ताई, यातला उडता पांढरा बैल भर लढाईत प्रवचन देते! जो त्याच्या पाया पडत नाही, तो राक्षस.”

“म्हणून तू चोरून माणिककाकाच्या बैलाच्या पाया पडे?”

“हाव. अन् त्यानं लाथ घातली.”

“मंग आता काय नवं सापडलं?”

“राक्षसाईचा पत्ता. ते सारे राह्यते गावाबाहेर, नाल्यापलीकडं.”

“म्हणजे आपल्या बुद्धवाड्यासारखाच?”

“हो. शेवटच्या पानावर बैल ते सारी वस्ती जाळते. लहानपणी मी तिथंच टाळ्या वाजवल्या होत्या.”