ताईसाठी बदकाची बुडी

नाही हो, ते नुसतं पोहणारं बदक वेगळं! त्याचा फोटो कुणीही काढेल. मी म्हणतोय ते बुडी मारणारं. काळं-पांढरं, डोक्यामागे शेंडी, आणि खडूस इतकं की विचारू नका! तळ्यावर कॅमेरा रोखून बसावं, तर हे आपलं डुलतंय, डुलतंय... मी जरा चष्मा पुसला की डुबुक! तुम्हाला सांगतो, बदक वर असतं तेव्हा मी तयार नसतो, आणि मी तयार असतो तेव्हा बदक खाली!

म्हणाल, कुणी सांगितलंय एवढं? ताईनं! माझी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी एवढासा, हिनंच मला वाढवलं. रोज तळ्याकाठी बाकावर बसायची, पण हल्ली हिची नजर चाललेली. डॉक्टर काय म्हणाले? "जे बघायचंय ते बघून घ्या." संपलं! आणि ताईनं काय मागावं? "ते बदक पाण्यात शिरताना नेमकं करतं काय, ते एकदा बघायचंय. आत्ता होतं, आत्ता नाही. मधलं मला कधी दिसलंच नाही रे."

मग काय, मित्राचा कॅमेरा मागून आणला. तळ्यावर एक जाणकार भेटले, गळ्यात तोफेएवढी लेन्स. "काका, बटण दाबूनच ठेवा, धडाधड फोटो निघतात. नंतर एकाच चित्रात सगळ्या पोझ ओळीनं लावायच्या." लावायच्या म्हणे! दाबून दाबून बोट सुजलं, घरी येऊन बघतो तर पाण्यावर वर्तुळ. पुढच्या फोटोत वर्तुळ. त्याच्या पुढच्या... वर्तुळ, जरा मोठं! बायको म्हणते, "पाण्याचेच काढायचे होते तर नळाचे काढायचे, घरबसल्या झाले असते." तिला काय सांगू, की बदक वर असतं तेव्हा मी तयार नसतो!

आणि एक दिवस सापडलं हो! सगळं, पहिल्यापासून शेपटीपर्यंत! काठावर नाचलो मी, या वयात!

पण खरी हमाली पुढेच. आधी सगळे फोटो एकावर एक ठेवून कॉम्प्युटरला सांगायचं, हलणारं सगळं पूस. तो बदक पुसून कोरं पाणी देतो. मग त्या पाण्यावर एकेक बदक कातरून आणून बसवायचं. शेंडीचा केस न् केस! उडालेला थेंब न् थेंब! मी कातरतोय, तिकडून ताईचा फोन, "झालं का रे?" "होतंय ताई." "आज कपातला चहा दिसला नाही रे मला." मी आणखी भरभर कातरतोय, शेपूटच तुटतंय, पुन्हा पहिल्यापासून! "झालं का रे?" "होतंय गं!" मग तिनं विचारणंच सोडलं.

झालं एकदाचं. तिला बारकं दिसत नाही म्हणून भिंतभर मोठा छापायला दिला. छापणारा म्हणतो, "काका, पाणी काय सुंदर आलंय!" मी खूश. गुंडाळलेला तसाच ताईकडे नेला, भिंतीवर उलगडला... कोरं पाणी! बदकं बसवलेली फाइल घरीच, मी पाठवली ती आधीची, पुसलेली! गाढव आहे मी, गाढव!

आणि ताई खुर्चीत ताठ बसून, भलत्याच भिंतीकडे बघत म्हणते, "लावलास? मला नाही रे दिसत आता काही. तूच सांग." बरोबर फोटो आणला असता तरी उशीरच झाला होता.

मग सांगितलं. तिचा हात हातात घेऊन कोऱ्या पाण्यावर फिरवला. एवढं कातरलं होतं, पाठच झालं होतं सगळं. "हे बघ, इथं मान ताठ. इथं पिसं अंगाला चप्प. मग एक छोटीशी उडी, ही अशी कमान... डोकं आत, पाठ आत, राहिली शेपूट." ताई खुदकन हसली. "अस्सं होय! आधी उडी मारतं होय मेलं!" मी रडत होतो, आवाज न करता. खरा फोटो नंतर नेला, म्हटलं, "जरा नीट लावून देतो", तर म्हणे, "भिंतीवरच्याला हात लावू नकोस, छान लागलाय."

आता येईल त्याला दाखवते. काल शेजारीण आली. ताई म्हणाली, "शेवटचं बघा, नुसती शेपूट वर!" शेजारीण भिंतीकडे बघते, माझ्याकडे बघते. मी लांबूनच हात जोडले. "अगंबाई, खरंच की! किती गोड शेपूट! मलाही द्या हो असा एक." ताई म्हणाली, "देईल की, त्याला काय अवघड!" दारापर्यंत सोडायला गेलो, तर बाई हळूच म्हणते, "भाऊ, मला देताना मात्र बदकं घालून द्या हं."

म्हटलं, घालतो बाई. तुम्हाला दिसतंय ना.