राजासाठी ठेवलेलं भांडण

प्लास्टरातला पाय सांभाळत दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या शिंप्याच्या कानावर शेजारच्या दोघींचं बोलणं पडत होतं.

"वहिनी, दादाने खरंच बोलावलं मला?"

"मग मी काय उगीच फोन केला?"

"मी यहुद्याची पोर लग्न करून ख्रिस्त्याच्या घरात गेले, तेव्हा दादा म्हणाला होता, आता दाविदाच्या वंशातला राजा, तो मसीहा, येईल तेव्हाच आपला तंटा मिटेल."

"तुम्ही ख्रिस्ती लोक तर म्हणता, तो येऊन गेला."

"आणि पुन्हा येणार. वाट आम्हीही बघतोच की."

"ऑपरेशनला नेताना हे म्हणाले, 'राजा यायचा तेव्हा येईल. आपलं भांडण त्याच्यासाठी कशाला ठेवायचं? तिला बोलाव.'"

नर्सने दार उघडलं. "शुद्धीवर आलेत. एकीनेच आत या."

शिंप्याने कुबड्या बाजूला घेतल्या.

"जा तू. मी काय, रोजच बघते त्यांना."