बरोबरी झाली तर

दातांच्या डॉक्टरांकडे माझ्या समोरच्या बाकावर एक मावशी, तिचे यजमान आणि त्यांना मोबाइलवर पत्त्यांचा खेळ बनवून देणारी भाची बसली होती.

"तुझा खेळ मेला पक्षपाती आहे. हरेल त्यानं भांडी घासायची ठरलंय, आणि बघावं तेव्हा मीच मोरीत!"

"थांब मावशी, बघू दे. तुझा पत्ता मोठा असेल तर तू जिंकलीस, नाहीतर काका जिंकले. बरोबर तर लिहिलंय."

"आणि दोघांनाही अठ्ठी आली तर?"

"तर... अगं बाई! तुझा मोठा नाही ना, म्हणजे काकाच जिंकले."

"म्हणजे बरोबरी झाली तरी भांडी माझ्याच गळ्यात!"

"सॉरी गं. पत्ते सारखे आले तर काय, हे लिहायचंच राहिलं. काका, तुमच्या नाही लक्षात आलं?"

"आलं ना, पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"छान चाललं होतं. उगाच कशाला हात लावायचा?"

"ऐकलंस? आता लिही. पत्ते सारखे आले, तर मावशी जिंकली."

"अगं, पण हीसुद्धा चूकच झाली की!"

"झाली ना. पण अहो, तुम्ही कुठे कुणाला सांगता?"