टाळ्या पडलेलं उत्तर

परकार : थांबलीस का? पुढे वाच ना.

अन्वी : आल्झो... म्हणजे, पुढे काही विशेष नाहीये, काका. फोटो मात्र मस्त आलाय तुमचा.

परकार : फोटो मी पाहिला. त्यात मी शिंकायच्या बेतात आहे. खालचं वाच.

अन्वी : 'भारतातले संशोधक डॉक्टर यासीन परकार मंगळवारी शहराच्या सभागृहात बोलताना.' शेजारी मी आहे, पण मला अर्धं कापलंय. नावसुद्धा नाही. नुसतं 'एका शाळकरी मुलीच्या मदतीने'. शाळकरी काय, दहावीत आहे मी.

परकार : आणि वरचं ठळक अक्षर?

अन्वी : 'एक मुसलमान स्पष्ट बोलतो.'

परकार : मी? अगं, तासभर मी एका जुन्या वहीबद्दल बोललो. सव्वाशे वर्षांपूर्वी दाभोळचा, गलबतावरचा एक तांडेल हजला निघतो, वाटेत मोडीत रोजनिशी लिहितो आणि ती वही फिरत फिरत इथे नदीपलीकडच्या विद्यापीठाच्या कपाटात येऊन पडते. ह्यात स्पष्ट बोलण्यासारखं काय होतं? निम्मे लोक पेंगत होते.

अन्वी : शेवटच्या प्रश्नाला जागे झाले.

परकार : हां, तो लाल स्वेटरवाला म्हातारा. त्याला मी एका वाक्यात उत्तर दिलं आणि अख्खं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. मी वर तुमच्या माळ्यावरच्या खोलीत जाऊन कितीतरी वेळ विचार करत होतो, ह्या लोकांना मोडी लिपीचं एवढं प्रेम कधीपासून.

अन्वी : काका, चहा टाकू का?

परकार : नको. तुझ्या आईने दोनदा दिलाय. बस इथे. हे बघ, ह्या चार दिवसांत तीन गोष्टी झाल्या. बुधवारी माझ्या प्राध्यापकांनी मला मिठी मारली. जर्मन माणूस, आणि मिठी. शुक्रवारी नमाजाला गेलो, तर ओमेरबाबांनी चहा दिला पण शेजारी बसले नाहीत.

अन्वी : ओमेरबाबा म्हणजे ते कारखान्यातले म्हातारे तुर्क?

परकार : तेच. तीस वर्षं राबले तिथे. दर शुक्रवारी नमाज झाली की आम्ही दोघं शेजारी बसतो. त्यांना माझी भाषा येत नाही, मला त्यांची येत नाही. बिस्किटं बुडवत बसतो. काल पेला ठेवला आणि आत निघून गेले. आणि तिसरी गोष्ट, आजचं हे पत्र, व्हिसाच्या कार्यालयातून. येत्या मंगळवारी सकाळी साडेआठला मुलाखत. सोबत ह्याच बातमीचं कात्रण, पिवळी रेघ मारलेलं. ती रेघ कशावर आहे तेवढं सांग.

अन्वी : तुमच्या उत्तरावर.

परकार : माझं उत्तर एका ओळीचं होतं. रेघ सात ओळींवर आहे.

(स्वयंपाकघराच्या दारातून शुभा, हात पुसत.)

शुभा : अगं, सांग ना त्यांना. काय लिहिलंय एवढं?

अन्वी : मम्मा, तू आत जा ना प्लीज.

शुभा : अन्वी.

अन्वी : जा, जा, सांगते. काका, मी तुमचं उत्तर थोडं मोठं केलं.

परकार : थोडं म्हणजे?

अन्वी : म्हातारा विचारत होता, तुमच्यासाठी तुमचा धर्म मोठा की आमचा कायदा. तुम्ही म्हणालात, 'ते मला विचारू नका, मी वह्या वाचणारा माणूस.' ते मी तसंच जर्मनमध्ये सांगितलं असतं ना, तर फार वाईट दिसलं असतं. सगळे कसे बघत होते तुमच्याकडे. म्हणून मी सांगितलं, कायदाच मोठा, त्यात प्रश्नच नाही.

परकार : बरं. मी कायदा पाळतोच. सिग्नल लाल असला की मोकळ्या रस्त्यावरही उभा राहतो. ही एक ओळ झाली. सहा उरल्या.

अन्वी : मग म्हटलं, जे मुसलमान असं मानत नाहीत त्यांची मला लाज वाटते.

शुभा : अगं बाई.

परकार : पुढे.

अन्वी : आणि म्हटलं की... इमारतींच्या मागच्या आवारांमध्ये मशिदी उघडून बसलेत, तिथल्या ज्या इमामांना जर्मन येत नाही, त्यांना परत पाठवायला हवं.

परकार : हे तुला कुठे मिळालं?

अन्वी : शाळेत वादविवाद होता. मला ती बाजू आली होती, चिठ्ठी उचलून. मी पहिली आले. वाक्यं तोंडातच होती.

परकार : थांब, मला नीट कळू दे. ज्याला जर्मन येत नाही त्याला परत पाठवा, असं मी म्हणालो. मी, ज्याला जर्मन येत नाही. शेजारी दुभाषी उभी करून.

अन्वी : गेनाऊ. अगदी तेच.

परकार : आणि तिथे कोणाच्याच लक्षात आलं नाही?

अन्वी : नाही. उभे राहून टाळ्या वाजवत होते.

शुभा : हसताय काय परकारसर. मी हिच्या वतीने माफी मागते. ही पाचवीपर्यंत वर्गात तोंड उघडत नव्हती हो. आता उघडलं तर हे.

अन्वी : पहिल्या वाक्याला टाळ्या पडल्या ना, मग मला थांबताच येईना. मला वाटलं, तुमच्यासाठीच आहेत. तुम्ही किती आवडलात सगळ्यांना.

परकार : मी नाही आवडलो, बाळ. मी तिथे नव्हतोच. मी उभा राहिलो की हे लोक माझ्यामागे सगळी जमात उभी करतात, इंडोनेशियापासून मोरोक्कोपर्यंत, आणि मग विचारतात, ह्यांचं काय करायचं. मी खेडच्या कॉलेजात इतिहास शिकवतो. पहाटेची नमाज आठवड्यातून दोनदा चुकते. वादळात त्या तांडेलाने कोणती दुवा म्हटली, ते विचारा. मी रात्रभर सांगेन. ते कोणी विचारत नाही.

अन्वी : मी आत्ता पेपरला ईमेल करते. सगळं माझं होतं म्हणून सांगते.

शुभा : आत्ता नाही. परकारसर, मी स्पष्ट बोलते, राग मानू नका. मंगळवारी तुम्ही गप्प बसा. ते खूश आहेत तुमच्यावर. व्हिसावर सहा महिन्यांच्या मुदतवाढीचा शिक्का पडू दे. बुधवारी अन्वी पेपरला लिहील, मी शेजारी बसून लिहून घेईन. कोणाचं काय बिघडतं?

परकार : शुभाताई, तुम्हाला वाटतं मला तो शिक्का नकोय? वहीची सत्तर पानं उरलीत. फोटो काढू देत नाहीत, वही बाहेर नेऊ देत नाहीत. माझ्याकडे आहे तो तात्पुरता कागद. त्यावर देशाबाहेर गेलो तर परत येता येत नाही. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाही मी इथेच होतो.

शुभा : म्हणूनच म्हणते.

परकार : मी कुठवर आलोय माहितीये? हजवाल्यांची जहाजं कामरान नावाच्या बेटावर अडवायचे, साथीच्या संशयावरून. तांडेल तिथे अडकलाय. तो आजारी नाही. रोज लिहितो, आज पुन्हा तपासलं, आज पुन्हा सांगितलं की मी बरा आहे. बावीस दिवस झालेत. पुढे सुटला की नाही, मला माहीत नाही. अख्ख्या ह्या देशात ती वही वाचणारा मी एकटा.

अन्वी : मग राहा ना, काका. प्लीज. फक्त एक दिवस गप्प बसायचंय.

परकार : तिथला साहेब विचारेल, हे तुम्ही बोललात? 'हो' म्हटलं, तर ओमेरबाबांच्या इमामाविरुद्ध माझी साक्ष झाली, शिक्क्यानिशी. 'नाही' म्हटलं, तर तो असं समजणार, की हा कायदा मानत नाही. तुझ्या सात ओळींतून बाहेर पडायला दारच नाहीये.

शुभा : ओमेरबाबांना आपण जाऊन समजावू. हवं तर आज संध्याकाळी.

परकार : कोणत्या भाषेत? तुमच्या मुलीच्या?

(अन्वी पेपरची घडी घालून बाजूला ठेवते.)

परकार : हे चुकलं माझं. माफ कर, अन्वी.

अन्वी : नाही, बरोबर आहे. काका, मंगळवारी मी येते तुमच्याबरोबर. पहिले दोन तास बुडवते. एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही, शप्पथ.

परकार : तू येऊ नकोस.

अन्वी : पण तुम्हाला जर्मन येत नाही.

परकार : तो इमाम, ज्याला तू परत पाठवलंस, रमजानात मला उशीर झाला की माझं ताट झाकून ठेवायचा. त्यालाही येत नाही. तरी मला कळायचं, जेव म्हणतोय. लहानपणी मदरशात मी पानंच्या पानं पाठ केली, अर्थ कळत नसताना. इथे दोन वाक्यं आहेत आणि अर्थ ठाऊक आहे. वही आण तुझी.

अन्वी : कोणती दोन?

परकार : 'हे मी बोललो नाही. मी म्हणालो, ते मला विचारू नका.'

शुभा : निदान तिसरं घाला, की मी कायदा मानतो.

परकार : त्याने विचारलं तर तेही सांगेन. ते शिकव मागाहून. आधी जे झालं ते.

अन्वी : दास हाबे इश निश्ट गेझाग्ट.

परकार : दास हाबे इश... हळू म्हण.

अन्वी : निश्ट. गेझाग्ट.

परकार : निश्त गेसाक.

अन्वी : काका, आणि हे ऐकून त्यांनी शिक्का दिलाच नाही तर?

परकार : तू उच्चार बघ.